बार्बेक्यूची पंगत : शिजवले कोणी, बसले कोण?

गेल्या वर्षी आम्हाला अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायना राज्यात एका मित्राकडे काही दिवस राहण्याचा योग आला. मित्र मराठवाड्यातला, आपल्याच चळवळीतल्या घरातला, आता तिकडे संगणकाच्या नोकरीत. दोन दिवसांची सुट्टी काढून त्याने आम्हाला ग्रीन्सबरो शहरापासून साउथ कॅरोलायनाची राजधानी कोलंबिया इथपर्यंत गाडीने फिरवले. या वाटेवर ठिकठिकाणी एकच शब्द लिहिलेल्या पाट्या दिसतात : बार्बेक्यू. पाटीखाली साधे बसके हॉटेल, मागे धुराचे धुराडे, बाजूला फोडलेल्या लाकडांचा ढीग. आत प्लास्टिकची टेबले, कागदी ताटल्या आणि गोड थंडगार चहा.

आम्ही दोन दिवसांत तीन ठिकाणी जेवलो. डुकराचा खांदा हिकरी किंवा ओकच्या निखाऱ्यांवर, जाळ लागू न देता, दहा-बारा तास शिजवतात. मांस इतके मऊ होते की हाताने ओढले तरी धाग्याधाग्यांनी सुटते. ओढलेले म्हणून ‘पुल्ड पोर्क’. ते मऊ पावात भरतात. ग्रीन्सबरोच्या दक्षिणेला लेक्झिंग्टनच्या बाजूला मांस ओढण्याऐवजी सुरीने चिरतात. त्यावर व्हिनेगर आणि थोड्या टोमॅटोचा आंबट-तिखट रस घालतात आणि त्याच रसात कालवलेला कोबी देतात. कोलंबियाकडे गेले की हाच पाव मोहरीच्या पिवळ्या सॉससोबत येतो. चव? खरे सांगायचे तर चुलीवरच्या मटणाची आठवण झाली. धूर, आंबटपणा, मिरी आणि चरबी. आम्ही दुसरा पाव मागवला.

दोन गोष्टी मात्र घशात अडकल्या. पहिली भिंतीवर होती. एका हॉटेलात मालकांच्या तीन पिढ्यांचे फोटो लावलेले, सगळे गोरे. आत भटारखान्याचे दार उघडले की दिसणारे हात काळे. त्या हातांचा एकही फोटो भिंतीवर नव्हता. दुसरी गोष्ट आमच्याच टेबलावर घडली. आम्ही मोबाइल काढला तसा मित्र म्हणाला, “फोटो काढ, पण गावाकडच्या ग्रुपवर टाकू नकोस. आईला चालेल. बाकीचे म्हणतील, शिकून अमेरिकेला गेला आणि शेवटी डुक्करच खाल्ले.”

हा लेख या दोन गोष्टींबद्दल आहे. शिजवणाऱ्याचे नाव कोण पुसतो? आणि खाणाऱ्याला लाज कोण शिकवतो?

खड्डा, निखारे आणि गुलाम

बार्बेक्यू हा शब्द गोऱ्यांचा नाही. कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो या मूळनिवासी लोकांचा तो शब्द. लाकडाच्या माचावर मांस ठेवून खालून आच देण्याच्या त्यांच्या पद्धतीला स्पॅनिश लोकांनी ‘बार्बाकोआ’ म्हटले, त्याचे पुढे इंग्रजीत बार्बेक्यू झाले. डुक्कर मात्र अमेरिकेचे नाही, ते युरोपीय जहाजांतून आले. कोलंबसाने १४९३ च्या दुसऱ्या सफरीत डुकरे नेली, १५३९ मध्ये दे सोटो नावाच्या स्पॅनिश सरदाराने फ्लोरिडात नेली. आणि १६१९ पासून व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर आफ्रिकेतून पळवून आणलेली माणसे उतरवली जाऊ लागली. मूळनिवासींची पद्धत, युरोपचे जनावर आणि आफ्रिकी माणसांचे श्रम व हातखंडा, अशा तीन गोष्टींतून दक्षिणेचे बार्बेक्यू तयार झाले. तिघांपैकी भिंतीवर फोटो फक्त एकाचा लागला.

मळ्याच्या मालकाकडे मेजवानी असो, चार जुलैचा स्वातंत्र्यदिन असो की निवडणुकीची सभा, बार्बेक्यू लागायचेच. शेकडो माणसांचे जेवण. त्यासाठी कंबरभर खड्डा खणायचा, लाकडे जाळून निखारे करायचे, त्यावर अख्खी डुकरे आडव्या काठ्यांवर ठेवायची, रात्रभर जागून ती उलटायची आणि त्यांवर तिखट व्हिनेगरचा हात फिरवत राहायचा. निखारा जास्त झाला तर मांस करपते, कमी झाला तर कच्चे राहते. घड्याळ नाही, तापमापक नाही. सगळे हिशेब हाताच्या तळव्यावर. हे काम गुलाम करीत. १९३० च्या दशकात अमेरिकी सरकारने एकेकाळी गुलाम असलेल्या वृद्धांच्या मुलाखती लिहून घेतल्या. त्यांत साउथ कॅरोलायनातल्या वेस्ली जोन्स या नव्वदी ओलांडलेल्या गृहस्थांनी हेच सांगितले आहे. मेजवानीच्या आदल्या रात्री ते पूर्ण रात्र जागून मांस शिजवीत आणि त्यावर रस लावीत. रसात व्हिनेगर, काळी आणि लाल मिरची, मीठ, लोणी, कांदा, लसूण, धने असे काय काय पडे, तेही त्यांना साठ-सत्तर वर्षांनंतर पाठ होते. आज बाटलीत भरून विकल्या जाणाऱ्या सॉसवर ‘आमच्या आजोबांची गुप्त कृती’ असे छापलेले असते. कोणाचे आजोबा, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे.

पण गुलाम फक्त मालकासाठीच शिजवत नव्हता. जी विद्या त्याच्याकडून मालकाच्या मेजवानीसाठी वसूल केली जात होती, तीच त्याने स्वतःच्या मुक्तीसाठीही वापरली. १८०० साली व्हर्जिनियात रिचमंडजवळ गॅब्रिएल या लोहारकाम करणाऱ्या गुलामाने उठावाची जुळवाजुळव केली, तेव्हा माणसे जमवायला अशाच बार्बेक्यूचे निमित्त होते. २१ ऑगस्ट १८३१ रोजी नॅट टर्नरचे साथीदार जंगलात जमले. हार्कने डुक्कर आणले, हेन्रीने ब्रँडी आणली. डुक्कर भाजत असताना योजना पक्की झाली आणि त्याच रात्री अमेरिकेच्या इतिहासातला सर्वांत गाजलेला गुलामांचा उठाव सुरू झाला. उठाव चिरडला गेला, टर्नरला फाशी झाली. त्यानंतर दक्षिणेतल्या राज्यांनी गुलामांच्या एकत्र जमण्यावर आणि लिहिण्यावाचण्यावर आणखी कडक बंदी घातली. सत्तेला कळले होते की माणसे एकत्र बसून जेवली की एकत्र विचारही करतात. आपल्याकडे मनूच्या वारसांना हे फार आधी कळले होते. म्हणून तर बेटीबंदीच्या जोडीला रोटीबंदी आली.

दोन व्यवस्था, एक फरक

इथे थांबून एक फरक नीट समजून घेऊ या. चळवळीत आपण “वंशभेद आणि जातिभेद सारखेच” असे सहज म्हणून टाकतो. सारखेपणा आहेच. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र लिहून अस्पृश्य आणि अमेरिकेतील निग्रो यांच्या स्थितीतल्या साम्याकडे लक्ष वेधले होते. कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांनी मागितली होती आणि डू बॉइस यांनी त्याच जुलै महिन्यात उत्तर दिले होते. पण बार्बेक्यूच्या खड्ड्याजवळ उभे राहिले की फरकही दिसतो.

गोऱ्या मालकाला काळ्या माणसाच्या हातचे चालत होते. नुसते चालत नव्हते, त्याच्या हातचेच हवे होते. त्याच्या बायकोने गोऱ्या लेकरांना दूध पाजले, त्याने गोऱ्या पंगतीसाठी मांस शिजवले. त्या व्यवस्थेला विटाळ हाताचा नव्हता, बरोबरीचा होता. शिजवून दे, पण शेजारी बसू नकोस. आपल्याकडे याच्या उलट. इथे हातच विटाळलेला ठरवला. आमच्या आजीने शिजवलेले सोडा, तिने स्पर्श केलेले पाणीसुद्धा ओतून दिले गेले. शेत आमच्या श्रमाने पिकले, धान्य आमच्या हातांनी मळले गेले, तोवर विटाळ नव्हता. त्याची भाकरी झाली की विटाळ सुरू. कच्चे चालते, शिजवलेले चालत नाही.

म्हणजे गुलामगिरीने शिजवण्याची विद्या लुटली आणि श्रेय गिळले. जातीने मात्र ती विद्या आहे हेच मान्य केले नाही. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलितांच्या खाण्याची नोंद केली, तेव्हा अनेक सवर्ण वाचकांना पहिल्यांदाच कळले की या घरांतही पाककृती असतात, मसाल्याचे प्रमाण असते, चवीचा विचार असतो. लुटलेल्या विद्येवर उद्या हक्क सांगता येतो, कारण ती विद्या आहे हे लुटणाराही नाकारत नाही. नाकारलेल्या विद्येची आधी नोंद करावी लागते. आपले काम त्यामुळे दुप्पट आहे.

स्वातंत्र्यानंतरचा प्रवास

१९ जून १८६५ रोजी टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टन येथे मुक्तीचा हुकूम वाचून दाखवला गेला. तो दिवस कृष्णवर्णीय लोक ‘जूनटीन्थ’ म्हणून साजरा करतात आणि त्या दिवशी बार्बेक्यू असतेच. २०२१ मध्ये ती राष्ट्रीय सुट्टी झाली. मालकाच्या मेजवानीचे अन्न मुक्तीच्या सणाचे अन्न बनले. मुक्त झालेल्यांपैकी कित्येकांनी याच विद्येवर पोट भरले. टेनेसीत जन्मलेले हेन्री पेरी १९०७ मध्ये कॅन्सस सिटीला आले आणि दुसऱ्या वर्षीपासून धुरावर शिजवलेले मांस वर्तमानपत्रात गुंडाळून विकू लागले. कॅन्सस सिटीच्या जगप्रसिद्ध बार्बेक्यूची सुरुवात त्या गाड्यावर झाली.

पण गाडा काळ्याचा चालला तरी गोऱ्याच्या हॉटेलात खुर्ची मिळाली नाही. १८९६ च्या प्लेसी खटल्याने ‘वेगळे पण समान’ या नावाखाली भेदभावाला कायद्याचे कवच दिले होते. दक्षिणेतून गाडीने प्रवास करणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबाला कुठे जेवता येईल, कुठे झोपता येईल, कुठे शौचालय मिळेल, याची आधीच माहिती काढून निघावे लागे. न्यूयॉर्कच्या हार्लेममधले टपाल कर्मचारी व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी १९३६ पासून त्यासाठी ‘ग्रीन बुक’ ही पुस्तिकाच काढली. काळ्या माणसाला दार उघडणारी हॉटेले, घरे, पेट्रोल पंप यांची यादी. ही पुस्तिका तीस वर्षे निघत राहिली.

हे वाचताना कोणाला मसूरचे रेल्वे स्टेशन आठवणार नाही? १९०१ साली वडिलांना भेटायला गोरेगावला निघालेली लहान मुले, त्यांत लहानगा भीम. जात कळताच गाडीवाला मिळेना. दुप्पट भाडे देऊन, गाडी स्वतः हाकायच्या बोलीवर गाडी मिळाली. शिदोरी सोबत होती, पण रात्रभर कुठे पाणी मिळाले नाही म्हणून मुलांनी ती खाल्ली नाही. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये बाबासाहेबांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे. आपल्यासाठी ग्रीन बुक कोणी छापले नव्हते. आपली यादी तोंडी होती. कोणत्या गावात कोणाकडे उतरायचे, कुठे तहान दाबून पुढे जायचे.

आम्ही दोघे त्या रस्त्याने कुठेही थांबत होतो, पाटी आवडली की गाडी वळवत होतो. हे सहज मिळालेले नाही. ते कसे मिळाले, ते पाहू.

ग्रीन्सबरोची चार स्टुले

आमच्या प्रवासाची सुरुवात ग्रीन्सबरोच्या वूलवर्थ दुकानातून झाली. आता तिथे नागरी हक्कांचे संग्रहालय आहे. १ फेब्रुवारी १९६० रोजी तिथल्या कृषी व तंत्र महाविद्यालयाचे चार विद्यार्थी, एझेल ब्लेअर, डेव्हिड रिचमंड, फ्रँकलिन मॅकेन आणि जोसेफ मॅकनील, खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसले आणि त्यांनी कॉफी मागितली. याच दुकानात साबण, वही विकत घ्यायला त्यांना बंदी नव्हती. पैसे काळ्या हातातून चालत होते, फक्त त्या माणसाने बसलेले चालत नव्हते. कॉफी मिळाली नाही. ते उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी विद्यार्थी आले. काही आठवड्यांत दक्षिणेतल्या शहराशहरांत काउंटरवर मुले बसू लागली.

सहा महिन्यांनी, २५ जुलै १९६० रोजी, दुकान नमले. आणि त्या दिवशी काउंटरवर पहिल्यांदा कोण जेवले? आंदोलक विद्यार्थी नव्हे. दुकानातच काम करणारे कृष्णवर्णीय कर्मचारी. त्यांत जिनिव्हा टिस्डेल या त्याच काउंटरसाठी राबणाऱ्या बाई होत्या. जिथे त्या दुसऱ्यांसाठी अन्न तयार करत होत्या, तिथे त्या स्वतः ग्राहक म्हणून बसल्या. आम्ही त्या रिकाम्या स्टुलांसमोर बराच वेळ उभे होतो.

आणखी एक बाई आपल्या लक्षात राहिली पाहिजे. १९५५ च्या डिसेंबरमध्ये माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांच्या अटकेनंतर बस बहिष्कार सुरू झाला, तो ३८१ दिवस चालला. लोकांना कामावर नेण्या-आणण्यासाठी गाड्या हव्या, पेट्रोल हवे. पैसा कुठून आणायचा? जॉर्जिया गिलमोर या स्वयंपाकीण बाईंनी बायकांना गोळा करून जेवण, सँडविच, केक घरोघरी शिजवून विकले आणि पैसे आंदोलनाला दिले. पैसे कुठून आले असे कोणी विचारले तर उत्तर ठरलेले : कुठूनच नाही. म्हणून गटाचे नाव ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’. आंदोलनात साक्ष दिल्यावर गिलमोर यांची नोकरी गेली, तेव्हा त्यांनी स्वतःच्या घरीच खाणावळ सुरू केली आणि मार्टिन ल्यूथर किंग तिथे जेवायला येऊ लागले. आपल्या प्रत्येक जयंतीला, प्रत्येक मोर्चाला भाकऱ्या थापणाऱ्या बायका असतात. मंचावरच्या फलकावर त्यांची नावे किती वेळा असतात, हे आपण आपल्यालाच विचारावे.

मांसाने पार केलेली सीमा

२ जुलै १९६४ रोजी नागरी हक्क कायदा झाला. हॉटेल, लॉज, नाट्यगृह अशा ठिकाणी वंश किंवा रंगावरून दार बंद करता येणार नाही, असे त्याने सांगितले. या कायद्याला पहिले मोठे आव्हान कोणी दिले? एका मोटेलने आणि एका बार्बेक्यू हॉटेलने.

अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात ‘ऑलीज बार्बेक्यू’ हे मॅक्लंग कुटुंबाचे हॉटेल होते. २२० खुर्च्या, ३६ नोकर. त्या ३६ पैकी दोनतृतीयांश कृष्णवर्णीय. पण कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला खुर्ची नाही, त्याने बांधून घ्यावे आणि चालते व्हावे. मालकांचे म्हणणे असे की आमचे हॉटेल स्थानिक, आमचे गिऱ्हाईक स्थानिक, केंद्र सरकारचा इथे संबंध काय? सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर १९६४ रोजी एकमताने उत्तर दिले. आदल्या वर्षभरात हॉटेलने सुमारे दीड लाख डॉलरचे खाद्यपदार्थ घेतले होते, त्यांतले ६९,६८३ डॉलरचे मांस राज्याबाहेरून आलेले होते. व्यापार राज्याची सीमा ओलांडत असेल तर काँग्रेसला त्यावर कायदा करता येतो. माणसाची प्रतिष्ठा पुरेशी पडली नाही, मांसाने सीमा ओलांडली म्हणून माणसाला खुर्ची मिळाली.

हे हास्यास्पद वाटते, पण त्यात वकिली शहाणपण होते. अमेरिकी राज्यघटनेची समतेची कलमे सरकारला बांधत होती, खासगी हॉटेलवाल्याला थेट बांधत नव्हती. म्हणून व्यापाराच्या कलमाची वाट काढावी लागली.

दुसरे प्रकरण कोलंबियाचे. (बाबासाहेब शिकले ते कोलंबिया विद्यापीठ न्यूयॉर्कचे, नावापुरताच योगायोग.) इथे मॉरिस बेसिंजर याची ‘पिगी पार्क’ ही बार्बेक्यू हॉटेलांची साखळी होती. कायदा झाल्यानंतर लगेच ॲन न्यूमन यांना तिथे अन्न नाकारण्यात आले. त्यांनी आणि इतरांनी दावा लावला. बेसिंजरचा एक बचाव असा की हा कायदा देवाच्या इच्छेविरुद्ध आहे! खालच्या न्यायालयाने गाडीत बसून खाण्याची त्याची हॉटेले कायद्याच्या बाहेर ठरवली, वरच्या न्यायालयाने १९६७ मध्ये तो निर्णय फिरवला. शेवटी १८ मार्च १९६८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वकिलाच्या फीबद्दल निकाल दिला. असा दावा जिंकणारी व्यक्ती फक्त स्वतःसाठी लढत नसते, ती सगळ्या समाजाच्या वतीने कायदा राबवत असते. म्हणून तिच्या वकिलाची फी सामान्यतः हरणाऱ्याने भरावी. देवाच्या इच्छेचा आणि तसे इतर बचाव न्यायालयाने पोकळ ठरवले.

बेसिंजर सुधारला नाही. २००० साली राज्याच्या विधानभवनाच्या घुमटावरून गुलामगिरीवाद्यांचा झेंडा उतरवला, तेव्हा याने तो आपल्या हॉटेलांवर चढवला. मोठ्या दुकानांनी त्याचा सॉस विकायचे बंद केले. कायदा दार उघडायला लावतो, मन उघडायला लावत नाही. पण आधी दार उघडणे गरजेचे असते.

आपल्याकडे काय आहे?

आता आपल्या घटनेकडे पाहा. २६ जानेवारी १९५० पासून कलम १५(२) सांगते की केवळ धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कोणत्याही नागरिकाला दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, सार्वजनिक करमणुकीच्या जागा, विहिरी, तळी, घाट, रस्ते यांच्या वापरास मज्जाव करता येणार नाही. अमेरिकेच्या कायद्यापेक्षा चौदा वर्षे आधी. आणि मांस कुठून आले याची चौकशी न करता! हे कलम खासगी हॉटेलवाल्यालाही लागू आहे. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत प्रश्न आला की ‘दुकान’ या शब्दात धोबी, न्हावी येतात का. बाबासाहेबांनी स्पष्ट केले की हा शब्द व्यापक अर्थाने वापरला आहे, सेवा देणारा कोणीही त्यात येतो. ज्या माणसाने लहानपणी शिदोरी असून उपाशी रात्र काढली, त्याला त्या शब्दाची रुंदी माहीत होती. त्याच दिवशी अस्पृश्यता नष्ट करणारे कलमही मंजूर झाले.

१९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा (१९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा) आणखी पुढे जातो. त्याचे चौथे कलम हॉटेलात जाण्याचाच नव्हे, तर तिथे ठेवलेली भांडी वापरण्याचा हक्कही सांगते. म्हणजे वेगळा कप, वेगळी ताटली, बाहेर खुंटीला टांगलेला ग्लास हा सरळसरळ गुन्हा आहे. त्यात १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे.

मग आपण मागे कुठे पडतो? खटला लढवण्याच्या खर्चात आणि ताकदीत. ॲन न्यूमन यांच्या निकालाचा धडा तोच आहे. हक्क मिळवण्याचा खर्च पीडितावरच पडला तर हक्क कागदावर राहतो. आपल्याकडे यासाठी तरतुदी आहेत, पण गावातल्या किती कार्यकर्त्यांना त्या पाठ आहेत? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या बाराव्या कलमानुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांनुसार पीडित आणि साक्षीदारांना प्रवासखर्च, निर्वाह आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळायला हवी. साक्षीदार फितूर होतो तेव्हा आपण त्याला गद्दार म्हणतो. प्रत्येक तारखेला बुडणारी त्याची मजुरी कोणी भरली का, हे मात्र विचारत नाही. माँटगोमेरीच्या बायकांनी पेट्रोलचा हिशेब आधी केला, म्हणून लोक ३८१ दिवस चालू शकले. आपल्या युवक मंडळांनी डीजेच्या वर्गणीतला एक वाटा तारखेच्या भाड्यासाठी बाजूला काढला, तर तेही आंदोलनच आहे.

लाज कोणाची?

आता मित्राच्या फोटोकडे येऊ. महाडला १९२७ मध्ये बाबासाहेबांनी मेलेल्या जनावरांचे मांस सोडा असे सांगितले. ते मांस आपली निवड नव्हती, ती आपल्यावर लादलेली अवस्था होती, गावकीच्या गुलामीची खूण होती. ती खूण फेकून द्या, हा त्याचा अर्थ. पण आपल्यातल्या काही शिकलेल्यांनी त्याचा अर्थ असा लावला की वरच्यांच्या ताटाकडे पाहून आपले ताट लाजेने झाकावे. हा धडा बाबासाहेबांचा नाही, हा धडा ब्राह्मणी व्यवस्थेचा आहे. कोणी मांस खावे, न खावे, हा त्याच्या विवेकाचा प्रश्न. पण न खाणारा त्यामुळे श्रेष्ठ आणि खाणारा हलका, ही उतरंड बौद्ध माणसाने का मानावी?

आपल्या परंपरेत एक प्रसंग आहे. तथागतांनी शेवटचे भोजन पावा नगरातल्या चुंद या लोहाराकडे घेतले. त्या पदार्थाचे नाव ‘सूकरमद्दव’. ते डुकराचे मांस होते की आणखी काही, यावर विद्वानांचे वाद आहेत, धर्मानंद कोसंबींनीही त्याची चर्चा केली आहे. आम्हाला त्या वादापेक्षा पुढची गोष्ट मोठी वाटते. भोजनानंतर भगवंतांचे दुखणे बळावले. आपल्यामागे लोक चुंदाला दोष देतील, हे त्यांनी ओळखले. म्हणून त्यांनी आनंदाला सांगितले की चुंदाच्या मनात खंत राहू देऊ नका, बोधीपूर्वीचे भोजन आणि हे भोजन सारख्याच पुण्याचे आहे. मरणाच्या दारात असलेल्या बुद्धाला चिंता होती ती शिजवणाऱ्याची. अडीच हजार वर्षांनंतर आपल्याला त्या लोहाराचे नाव माहीत आहे ते यामुळेच.

कोलंबियाच्या बाहेर शेवटच्या हॉटेलात जेवण झाल्यावर आम्ही काउंटरवरच्या मुलीला विचारले की भट्टीवर कोण असते. ती आत गेली आणि साठीतले एक कृष्णवर्णीय गृहस्थ हात पुसत बाहेर आले. रात्री दोनपासून निखाऱ्याजवळ होते म्हणाले. हे काम वडिलांकडून शिकलो, वडील त्यांच्या वडिलांकडून. आम्ही म्हणालो, जेवण फार आवडले, आणि आमच्या देशात आमच्या लोकांच्या हातचे खायला नकार देत, अजूनही कुठेकुठे देतात. ते थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, मग तुम्ही भट्टी कधीच विझू देऊ नका.

गाडीत बसल्यावर मित्राने फोटो गावाकडच्या ग्रुपवर टाकला. पहिले उत्तर त्याच्या आईचे आले : “तिखट होतं का?”

मित्रांनो, आपल्या गावच्या हॉटेलात आजही वेगळा कप असेल तर तो फोटोही काढा. तो ग्रुपवर टाकून थांबू नका. पोलीस ठाण्यात न्या, सोबत कलम चार न्या, आणि साक्षीला येणाऱ्याच्या दिवसभराच्या मजुरीची सोय करून न्या.

जय भीम!